एमआरआय ‘नॉर्मल’ आला, मग स्वमग्नता कशी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय एकच निघाला: स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आणि मेंदूच्या तपासण्या. म्हणून हे सदर या वेळी त्याच विषयासाठी ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि लांब पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न: माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, खेळण्यातल्या गाडीचे चाक तासन्‌तास फिरवत बसतो, शब्द जेमतेम चार-पाच. बेरा तपासणी झाली, ऐकू व्यवस्थित येते. बालविकासतज्ज्ञांनी स्वमग्नतेचे निदान केले आहे. घरच्यांच्या आग्रहावरून आम्ही त्याला भूल देऊन मेंदूचा एमआरआय करून घेतला आणि रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आला. आता सासूबाई म्हणतात, ‘मेंदू चांगला आहे ना, मग थेरपीला कशाला न्यायचे? त्याचे बाबाही उशिराच बोलले होते.’ मी मात्र वाचले आहे की स्वमग्न मुलांच्या मेंदूची रचना वेगळी असते. खरे काय मानायचे?
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, रिपोर्टही खरा आहे आणि आपण वाचलेलेही खरे आहे. रुग्णालयातला एमआरआय आणि संशोधनातला एमआरआय एकाच प्रकारच्या यंत्रात होतो, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. रुग्णालयात रेडिऑलॉजिस्ट चित्रे डोळ्यांनी बारकाईने पाहतात आणि गाठ आहे का, पाणी साचले आहे का, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याच्या खुणा आहेत का, मेंदूच्या घडणीत ढोबळ दोष आहे का, हे तपासतात. आपल्या मुलाच्या रिपोर्टमधल्या ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ यांपैकी काहीही आढळले नाही, एवढाच आहे. ही समाधानाची गोष्ट आहे. पण मुलाला स्वमग्नता नाही, असे त्या रिपोर्टने म्हटलेले नाही; तो प्रश्न त्याला विचारलेला नव्हता, आणि विचारला असता तरी त्याचे उत्तर त्या चित्रांत सापडले नसते.

का सापडले नसते, हे जरा सविस्तर सांगतो, कारण घरात समजावताना आपल्याला त्याचाच उपयोग होईल. संशोधक एका मुलाचे चित्र पाहून निष्कर्ष काढत नाहीत. ते शेकडो व्यक्तींची चित्रे घेतात, संगणकाकडून मेंदूच्या प्रत्येक भागाचे आकारमान आणि बाह्यपटलाची, म्हणजे कॉर्टेक्सची, जाडी मोजून घेतात, आणि मग दोन गटांच्या सरासरीची तुलना करतात. अशा अभ्यासांतला एक फार मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय संशोधनगटाने प्रसिद्ध केला. त्यात ४९ केंद्रांमधल्या १,५७१ स्वमग्न आणि १,६५१ स्वमग्न नसलेल्या व्यक्तींची चित्रे एकत्र मोजली होती. त्यांची वये २ वर्षांपासून ६४ वर्षांपर्यंत होती. स्वमग्न गटात कपाळामागच्या भागांतले बाह्यपटल सरासरीने किंचित जाड, कानशिलाजवळच्या भागांतले किंचित पातळ, आणि मेंदूच्या आतल्या काही केंद्रांचे, म्हणजे पुटामेन, पॅलिडम, अमिग्डाला इत्यादींचे, आकारमान किंचित कमी आढळले.

‘किंचित’ हा शब्द मी तीनदा वापरला, तो जाणूनबुजून. या अभ्यासातले सर्वांत ठळक फरकही संख्याशास्त्राच्या मोजपट्टीवर साधारण ०.२ एवढेच होते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की चिठ्ठ्या टाकून एक स्वमग्न आणि एक स्वमग्न नसलेली व्यक्ती अशा १०० जोड्या काढल्या, तर सुमारे ५६ जोड्यांमध्ये फरक अपेक्षित दिशेने दिसेल आणि ४४ जोड्यांमध्ये नेमका उलटा दिसेल. नाणे उडवून निर्णय घेण्यापेक्षा हे फारसे वेगळे नाही. हजारो माणसांच्या सरासरीत उमटणारा हा फरक एका मुलाच्या चित्रात ओळखता येत नाही, मग रेडिऑलॉजिस्ट कितीही अनुभवी असोत.

दुसरे कारण सूक्ष्मतेचे आहे. नेहमीच्या एमआरआयच्या चित्रातला लहानात लहान ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो आणि तेवढ्या जागेत हजारो चेतापेशी मावतात. त्या पेशींची मांडणी कशी आहे, त्यांची एकमेकींशी जोडणी कशी झाली आहे, हे त्या ठिपक्यात दिसत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा एक अभ्यास झाला. त्यात ११ स्वमग्न मुलांपैकी १० जणांच्या बाह्यपटलात पेशींचे थर नीट न लागलेले लहान लहान पट्टे आढळले. स्वमग्न नसलेल्या ११ मुलांपैकी असे पट्टे एकाच मुलात होते. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्यावरून सर्व मुलांबद्दल बोलता येणार नाही. पण वेगळेपण सूक्ष्मदर्शकाखाली असू शकते आणि एमआरआय तरीही स्वच्छ येऊ शकतो, हे त्यातून कळते.

म्हणून स्वमग्नतेचे निदान आजही मुलाचे वागणे, संवाद, खेळ आणि विकासाचा इतिहास पाहूनच केले जाते, आणि आपल्या डॉक्टरांनी तेच केले आहे. आपल्या देशात त्यासाठी इसा ही भारतीय मूल्यमापन श्रेणी वापरतात, आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही तीच लागते. एमआरआयला त्यात स्थान नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मधल्या आपल्या अहवालात प्रत्येक स्वमग्न मुलाचा एमआरआय करू नये, असेच म्हटले आहे. मुलाला झटके येत असतील, शिकलेली कौशल्ये नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने हरपत असतील, डोके फारच मोठे किंवा लहान असेल, शरीराच्या एका बाजूला कमजोरी असेल, किंवा त्वचेवर जन्मापासून पांढरट, पानाच्या आकाराचे चट्टे असतील, तर एमआरआय जरूर करावा, कारण तेव्हा आपण दुसऱ्या एखाद्या आजाराचा शोध घेत असतो. लहान मुलाला या तपासणीसाठी भूल द्यावी लागते. ती अनुभवी हातांत सुरक्षित असली, तरी कारण नसताना देण्याची गोष्ट नाही.

सासूबाईंचे बोलणे नातवावरच्या मायेतून आलेले आहे, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना थेरपीच्या एखाद्या सत्राला सोबत घेऊन जा. नातू बोट दाखवून काही मागू लागला, की रिपोर्टचा विषय घरात आपोआप मागे पडेल. साडेतीन ते पाच हा काळ फार मोलाचा आहे. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी एका नॉर्मल रिपोर्टपायी थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: माझा मोठा नातू स्वमग्न आहे. सुनेला आता दुसरे अपत्य, मुलगी, झाले असून ती चार महिन्यांची आहे. सहाव्या महिन्यातच एमआरआय करून संगणक स्वमग्नता ओळखतो, असे मुलाने मोबाइलवर वाचले. अशी तपासणी नाशिकला किंवा मुंबईला कुठे होते? खर्चाची चिंता नाही, यंदा बागेने साथ दिली आहे.
— एक द्राक्षबागायतदार आजोबा, निफाड तालुका

उत्तर: आजोबा, आपल्या मुलाने वाचलेली बातमी निराधार नाही. २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका संशोधनजाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी मुद्दाम अशी बाळे निवडली, ज्यांचे मोठे भावंड स्वमग्न होते. बाळांना भूल न देता, रात्री नैसर्गिक झोपेत, सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात त्यांचा एमआरआय काढला. पुढे ज्यांना स्वमग्नता असल्याचे निष्पन्न झाले, त्या बाळांमध्ये सहा ते बारा महिन्यांच्या काळात मेंदूच्या बाह्यपटलाचे क्षेत्रफळ इतरांपेक्षा जास्त वेगाने वाढले होते, आणि दुसऱ्या वर्षात एकूण मेंदूचे आकारमानही. याच जाळ्याच्या पुढच्या अभ्यासात अमिग्डाला, म्हणजे भावनांशी संबंधित असलेला बदामाएवढा भाग, सहाव्या महिन्यात इतरांसारखाच आणि बाराव्या महिन्यापर्यंत मोठा झालेला आढळला. लक्षणे दिसण्याआधी मेंदूची वाढ वेगळ्या वाटेने चालू झालेली असते, हे या कामातून पुढे आले, आणि माझ्या मते या क्षेत्रातल्या गेल्या काही दशकांतल्या महत्त्वाच्या शोधांपैकी हा एक आहे.

आता संगणकाच्या भाकिताचे आकडे पाहू. एकूण १७९ बाळांपैकी ३४ जणांना पुढे स्वमग्नतेचे निदान झाले. सहाव्या आणि बाराव्या महिन्यांतल्या मोजमापांवरून संगणकाने ३७ बाळांवर बोट ठेवले. त्यांपैकी ३० बरोबर निघाली, ७ चुकीची, आणि ४ बाळे त्याच्या नजरेतून सुटली. म्हणजे बातमीत ‘सहावा महिना’ असे असले, तरी या पद्धतीला दोन्ही वेळची चित्रे लागत होती. त्याच वर्षी केवळ सहाव्या महिन्यातल्या चित्रांवरून भाकीत करणारा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ११ पैकी ९ बाळे ओळखली गेली, पण ती मोजणी मेंदूच्या रचनेची नव्हती; त्यात मेंदूच्या भागांतला ताळमेळ मोजला होता, आणि बाळे अवघी ५९ होती.

हे आकडे चांगले आहेत. तरीही ते सरसकट सर्व बाळांना लागू केले तर काय होईल, याचा हिशेब करून पाहावा. शंभरात एक बाळ स्वमग्न असते असे धरले, तर १०,००० बाळांत १०० स्वमग्न असतील. त्याच अचूकतेने संगणक त्यांतली सुमारे ८८ ओळखेल; पण उरलेल्या ९,९०० बाळांपैकी सुमारे ४८० बाळांवरही चुकीचा शिक्का मारेल. एवढ्या घरांत विनाकारण काळजी शिरेल. आपल्या घरासारख्या, आधी एक मूल स्वमग्न असलेल्या कुटुंबांत परिस्थिती वेगळी असते. तिथे दर पाच बाळांमागे साधारण एका बाळाला पुढे स्वमग्नतेचे निदान होते, असे मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे.

एक गोष्ट आपल्या व्यवसायातून सांगतो, म्हणजे संशोधनाची अडचण लक्षात येईल. दोन बागांतल्या हजार-हजार घडांचे वजन केले आणि एका बागेची सरासरी दहा ग्रॅमने जास्त भरली, तर ती बाग सरस आहे असे आपण म्हणू शकता. पण कुणी एकच घड हातात देऊन ‘हा कोणत्या बागेतला?’ असे विचारले, तर आपण सांगू शकणार नाही. त्यात भर म्हणून एका बागेची तोलाई पिंपळगावच्या काट्यावर आणि दुसरीची लासलगावच्या काट्यावर झाली असेल आणि दोन्ही काटे सारखे लावलेले नसतील, तर तो दहा ग्रॅमचा फरक बागेचा की काट्याचा, हाही प्रश्न पडेल. एमआरआय यंत्रांचे नेमके हेच होते. निरनिराळ्या कंपन्यांची, निरनिराळ्या चुंबकीय शक्तीची यंत्रे एकाच मेंदूचे थोडे वेगळे माप देतात, आणि आतला माणूस हलला तर करडे द्रव्य, म्हणजे मेंदूतला पेशींनी भरलेला भाग, प्रत्यक्षापेक्षा कमी मोजले जाते. स्वमग्न मुलांना त्या अरुंद, कर्कश आवाजाच्या नळीत स्थिर पडून राहणे जास्त अवघड जाते. त्यामुळे काही जुन्या अभ्यासांत मेंदूचा म्हणून नोंदलेला फरक अंशतः हालचालीचा असण्याची शक्यता असते.

म्हणून नातीचा एमआरआय करू नका. तो पैसा आणि ती धावपळ वाचवा, आणि बालविकासतज्ज्ञांकडे तिची नियमित तपासणी ठरवून घ्या. नऊ महिन्यांची झाल्यावर ती नावाला प्रतिसाद देते का, वर्षाची होताना बोट दाखवते का, आपण दाखवलेल्या गोष्टीकडे पाहते का, टाटा करते का, याकडे लक्ष ठेवा. काही खटकले तर ‘वर्षभर थांबून पाहू’ असे कुणीही म्हटले तरी थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे; तिथे ही तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात.

प्रश्न: बाळाचे डोके मोठे असणे हे स्वमग्नतेचे लक्षण असते का? आमच्या गावात एका बाईंना कुणीतरी असे सांगितले आणि त्या रडत माझ्याकडे आल्या.
— एक अंगणवाडी सेविका, दिंडोरी तालुका

उत्तर: एकट्या मोठ्या डोक्यावरून काहीही ठरत नाही, असे त्या बाईंना निःशंकपणे सांगा. या समजुतीचे मूळ जुने आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हाच आपल्या ११ मुलांपैकी पाच जणांची डोकी तुलनेने मोठी असल्याचे त्यांनी नोंदवले होते. पुढच्या संशोधनानुसार स्वमग्न मुलग्यांपैकी सुमारे १५ टक्के मुलांचा मेंदू शरीराच्या मानाने खरोखर मोठा असतो, बाकीच्यांचा नसतो. शिवाय २०१३ मधल्या एका परीक्षणात असे दिसले, की आधीच्या बऱ्याच अभ्यासांनी ज्या तक्त्यांशी डोक्याचा घेर ताडून पाहिला, ते तक्तेच थोडे सदोष होते, त्यामुळे फरक फुगलेला दिसत होता. अनेकदा मोठे डोके वडिलांकडून आलेले असते. तेव्हा टेप घेऊन आधी बाबांचे डोके मोजावे. मात्र घेर दर महिन्याला तक्त्यावरच्या रेषा ओलांडत झपाट्याने वाढत असेल, टाळू फुगलेली असेल किंवा बाळ सतत उलट्या करत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. ते कारण वेगळे आणि तातडीचे असते.

प्रश्न: मी विशेष शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या दोन पालकांना एका ठिकाणी मुलांच्या मेंदूचे रंगीत नकाशे दाखवून ‘हा भाग निळा आहे, म्हणजे निकामी आहे, मूलपेशींच्या (स्टेम सेलच्या) उपचाराने तो लाल होईल’ असे सांगण्यात आले. खर्च काही लाखांचा आहे. एक कुटुंब दागिने मोडण्याच्या तयारीत आहे. त्यांना काय सांगू?
— सिन्नर

उत्तर: बाई, हे पत्र वाचून मला फार वाईट वाटले आणि रागही आला. त्या कुटुंबाला आजच थांबवा.

नकाशातले रंग मेंदूत नसतात. ते संगणकावर निवडलेले असतात. कोणत्या आकड्याला निळा आणि कोणत्या आकड्याला लाल म्हणायचे, हे नकाशा तयार करणारा ठरवतो, आणि तीच माहिती वेगळ्या रंगपट्टीत घातली की चित्र पूर्ण बदलते. शिवाय मूल झोपेत आहे की जागे, औषधाच्या गुंगीत आहे की नाही, यावरही मेंदूच्या कामाचे असे नकाशे बदलतात. म्हणून उपचारापूर्वीच्या आणि नंतरच्या दोन चित्रांतला फरक उपचारामुळेच झाला, असे म्हणता येत नाही. मुलाने एका वर्षात स्वतःहून केलेली प्रगतीही त्यात मिसळलेली असते. एका मुलाच्या स्वमग्नतेची तीव्रता किंवा सुधारणा मोजण्यासाठी असा कोणताही नकाशा आज मान्यताप्राप्त नाही.

मूलपेशींबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर मंजूर चाचणीबाहेर मूलपेशींचा वापर अनैतिक ठरतो, आणि मंजूर चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. कुणी लाखांचे बिल पुढे ठेवत असेल, तर ती चाचणी नव्हे, हे पालकांना एवढ्यावरूनही कळेल. त्यांना केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याची माहिती द्या. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि नियमित थेरपीचा खर्चही त्यात बसतो. दागिने घरातच राहू द्या.

प्रश्न: मी २२ वर्षांचा आहे, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. १९ व्या वर्षी मला स्वमग्नतेचे निदान झाले. मेंदूविषयीचे शोधनिबंध वाचतो तेव्हा प्रत्येक ठिकाणी ‘विकृती’, ‘दोष’, ‘कमतरता’ असे शब्द दिसतात. शिवाय एक निबंध म्हणतो अमिग्डाला मोठा, दुसरा म्हणतो लहान. माझा मेंदू सदोष आहे का? आणि अशा एखाद्या अभ्यासात मी स्वतः भाग घ्यावा का?
— नाशिकरोड

उत्तर: तुझे वय माझ्या मुलाएवढे आहे, म्हणून एकेरी लिहितो. सरासरीपासूनचा फरक म्हणजे दोष, असे त्या निबंधांतले आकडे म्हणत नाहीत. तो शब्द लिहिणाऱ्याने जोडलेला असतो. बाह्यपटल एका ठिकाणी थोडे जाड असणे चांगले की वाईट, हे आज कुणालाही सिद्ध करता आलेले नाही. तुला आवाजाचा त्रास होत असेल, गर्दीत थकवा येत असेल, तर त्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यासाठी मदत मागण्याचा तुला हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. त्यासाठी स्वतःच्या मेंदूला सदोष म्हणवून घेण्याची गरज नाही.

अमिग्डालाबाबत तू पकडलेली विसंगती बरोबर आहे, आणि तिचा बराचसा उलगडा वयात आहे. २००४ मधल्या एका अभ्यासात साडेसात ते साडेबारा वर्षांच्या स्वमग्न मुलग्यांमध्ये तो मोठा होता, पण किशोरवयीन मुलांमध्ये फरक नव्हता, कारण इतर मुलांचा अमिग्डाला त्या वयात वाढून बरोबरीला आला होता. निरनिराळ्या वयांची माणसे एकत्र केली की सरासरी भलतीकडे झुकू शकते. एरिक कुर्शेन यांनी १९८८ मध्ये १८ जणांच्या एमआरआयवरून लहान मेंदूच्या (सेरेबेलमच्या, म्हणजे डोक्याच्या मागे खाली असलेल्या भागाच्या) मधल्या पट्ट्याचा काही भाग स्वमग्न व्यक्तींमध्ये लहान असल्याचे मांडले, तेव्हा स्वमग्नतेची जागा सापडली असे अनेकांना वाटले होते. पुढे बुद्ध्यांक आणि वय जुळवून केलेल्या अभ्यासांत तो फरक सातत्याने टिकला नाही. दुसरी अडचण निवडीची आहे. मोठा मेंदू असलेल्या मुलांमध्ये बौद्धिक अडचणी तुलनेने जास्त असतात, आणि अशी मुले मोठेपणी यंत्रात स्थिर राहू न शकल्याने अभ्यासांतून गळतात. म्हणून ‘लहानपणी मेंदू मोठा, नंतर सर्वसाधारण’ असे चित्र दिसत असे. त्याच मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर ज्यांचा मेंदू मोठा होता, त्यांचा तो मोठाच राहिल्याचे आढळले. आजवरच्या बहुतेक अभ्यासांत बोलू शकणारे मुलगे जास्त आहेत; मुली आणि न बोलणाऱ्या व्यक्ती फार थोड्या आहेत. म्हणून ‘स्वमग्न मेंदू’ असा एकवचनी शब्दप्रयोग मला पटत नाही.

अभ्यासात भाग घ्यायचा की नाही, हे तू ठरव. माझे मत अनुकूल आहे, कारण वाचून प्रश्न विचारणारा सहभागी संशोधकांनाही हवा असतो. संमतीपत्र मराठीत माग आणि घरी नेऊन वाच. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का, चित्रे कुणाकडे आणि किती काळ राहतील, योगायोगाने काही वैद्यकीय बाब आढळली तर तुला कळवतील का, हे लेखी विचार. मधूनच बाहेर पडण्याची मुभा तुला असलीच पाहिजे आणि त्यासाठी कारण द्यावे लागता कामा नये. एमआरआयमध्ये क्ष-किरणांसारखा किरणोत्सर्ग नसतो. त्रास होतो तो आवाजाचा. यंत्रात जाण्याआधी त्या आवाजाचे ध्वनिमुद्रण ऐकायला मिळेल का आणि कानांसाठी दुहेरी संरक्षण देतील का, हे आधीच विचारून घे. तपासणी साधारण पाऊण तास चालते, हातात एक घंटी दिलेली असते, आणि ती दाबली की तुला बाहेर काढतात.